मांडीवरचे मूल आणि कागदावरचे मूल

दत्तकपण हा शब्द आपल्या मंडळ्यांत इतका रुळला आहे की तो कानी पडला असता आपण थबकत नाही. पौलाची रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेली पत्रे समजावून सांगणारा प्रत्येक उपदेशक वर्षातून दोनचार वेळा तरी ह्या शब्दावर बोलतो. आपण परके होतो ते घरचे झालो, दास होतो ते वारस झालो, असा त्याचा आशय. परंतु हा शब्द पौलाने कोठून घेतला हे आपण क्वचितच सांगतो. मोशेच्या नियमशास्त्रात दत्तक घेण्याचा विधी नाही. पुष्कळ अभ्यासकांच्या मते पौलाच्या डोळ्यांपुढे रोमी कायदा होता. त्या कायद्याने दत्तक गेलेल्या मनुष्याचा जुन्या घराशी संबंध सुटे, नव्या बापाचे नाव व मालमत्ता त्याला मिळे, आणि औरस पुत्र व तो ह्यांत भेद राहत नसे.

आता ह्यातील नवल पाहा. नगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात ज्या उपदेशकाने ह्या विषयावर जन्मभर उपदेश केले, त्यास स्वतःला मूलबाळ नसले आणि त्याने एखादे पोरके लेकरू घरात आणून वाढविले, तर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो त्या लेकराचा कायद्याने बाप होऊ शकत नव्हता. आत्म्याच्या बाबतीत जे तो व्यासपीठावरून सांगत होता, ते आपल्याच घरातील चुलीपाशी त्याला करता येत नव्हते.

वाचकहो, हा प्रश्न वकिलांचा आहे, आपला नव्हे, असे म्हणून पान उलटू नये. दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या भोवताली ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात व पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. समजा, हंगाम संपला, टोळी निघून गेली, आणि एका कोपीत तान्हे मूल मागे राहिले. आई बाळंतपणात गेली असेल. किंवा लाजेने अथवा दारिद्र्याने तिने ते ठेविले असेल. मंडळीतील एका निपुत्रिक जोडप्याने ते उचलले, न्हाऊ घातले, मांडीवर घेतले. साऱ्या गावाने चांगले म्हटले. पाळकाने बाप्तिस्म्याच्या पुस्तकात नाव लिहिले. येथे कोणी कागदाची गोष्ट काढली तर ती आपणास कोरडी वाटते. प्रेम आहे, अन्न आहे, प्रार्थना आहे. मग कमी काय?

काय कमी आहे हे वीस वर्षांनी कळते. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरास १८३१ साली सुरू झाले, आणि जो धर्म बदलील त्याचा वडिलोपार्जित हक्क बुडू नये म्हणून सरकारने १८५० सालचा एकविसावा कायदा केला. त्या कायद्याने बापाकडून येणारे राखले. पण मुलाकडे जावयाचे कसे जाईल ह्याचा विचार त्यात नव्हता. दत्तविधान हे हिंदू धर्मशास्त्राचे अंग होते. आपल्या मराठी मुलखात तर नवऱ्याची अनुज्ञा नसताही विधवेस दत्तक घेता येत असे, इतकी ती चाल येथे मुरलेली. ख्रिस्ती मनुष्य त्या शास्त्राच्या कक्षेतून बाहेर आला, आणि १८६५ व त्यानंतर १९२५ च्या ज्या वारसा कायद्याखाली तो गेला, त्यात दत्तकाची काहीच व्यवस्था नव्हती. १८९९-१९०० च्या दुष्काळात नगरच्या मिशनने पोरकी झालेली पुष्कळ मुले पदराखाली घेतली; तिकडे केडगावी पंडिता रमाबाईंनी मुलींना आसरा दिला. टिळकांच्या राहुरीच्या व नगरच्या घरी परकी मुले कशी वाढली हे लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. ह्या थोर माणसांनाही कायदा फार तर एकच पदवी देऊ शकत होता. ती पदवी म्हणजे १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातील 'पालक'.

पालक हा शब्द गोड आहे, परंतु त्या कायद्यातला पालक म्हणजे राखणदार. न्यायालय त्याला नेमते व काढूनही टाकते. मूल सज्ञान झाले की राखण संपते. ज्या वयात शेजारच्या हिंदू घरचा दत्तक मुलगा वारस म्हणून उभा राहतो, त्याच वयात ख्रिस्ती घरचा पाल्य कायद्याच्या दृष्टीने पुन्हा पोरका होतो. बाप मृत्युपत्र न करता वारला तर, १९२५ च्या कायद्याप्रमाणे, पोटचे मूल नसताना अर्धा भाग विधवेस व अर्धा त्याच्या नातलगांस जातो. बापाबरोबर वीस वर्षे बैलांमागे चालून ज्याने ती जमीन कसली, तो फेरफाराच्या नोंदीत कोठेच नसतो. चुलते मनाने वाईट असतात असे नव्हे. तलाठ्याने विचारावे, हा मयताचा कोण? आणि चुलत्याने खरे तेच सांगावे: पाळलेला. ह्या एका शब्दाने त्या मुलाचे सारे बालपण पुसले जाते.

१९५६ साल तर आपण विशेष लक्षात ठेवावे. त्या वर्षी १४ ऑक्टोबर रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, व २१ डिसेंबर रोजी हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अमलात आला. तो हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन व शीख ह्यांनाही लागू झाला. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी व यहूदी वगळले गेले. आपल्या जिल्ह्यात एकाच भावकीतील एका घराने आजोबांच्या काळी बाप्तिस्मा घेतलेला आणि दुसऱ्याने पुढे बौद्ध दीक्षा घेतलेली, अशी उदाहरणे दुर्मिळ नाहीत. आडनाव एक, विहीर एक, बांध एक. त्यांतील एका भावास मूल दत्तक घेता येई, दुसऱ्यास येत नसे. हे पाहून आपल्यातील कोणी फारसे रडले असे दिसत नाही. सर्व धर्मीयांसाठी एकच दत्तक कायदा करण्याचा प्रयत्न संसदेत १९७२ साली व पुन्हा १९८० साली झाला. दोन्ही वेळा तो तडीस गेला नाही. मृत्युपत्र करून काम भागते, असे आपले शहाणे लोक सांगत राहिले. भागते खरे, पण ते जमिनीचे. नावाचे भागत नाही.

अखेर ही कोंडी फोडली ती मुंबईच्या उच्च न्यायालयाने. एका ख्रिस्ती कुटुंबाच्या अर्जावर निकाल देताना न्यायमूर्ती रिबेलो ह्यांनी असे ठरविले की, पोरक्या व टाकलेल्या मुलास दत्तक जाता येणे, म्हणजे घर, नाव आणि राष्ट्रीयत्व मिळणे, हा त्याच्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. आणि आपल्या धर्माचा दत्तक कायदा नाही म्हणून तो हक्क बुडत नाही. ह्यानंतर २००० सालचा बाल न्याय कायदा, त्यातील २००६ ची दुरुस्ती, कोणत्याही धर्माच्या मनुष्यास ह्या कायद्याखाली दत्तक घेता येते असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निर्णय, आणि २०१५ चा नवा बाल न्याय कायदा, अशी ही वाट पुढे रुंद होत गेली. आज त्या कायद्याने दत्तक घेतलेले मूल सर्व बाबतींत, मृत्युपत्र नसतानाच्या वारशातही, आपलेच मूल होते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाची आज्ञा देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या कलेक्टर साहेबांकडे, आला आहे.

न्यायमूर्तींनी घर व नाव ह्यांच्या जोडीस राष्ट्रीयत्व का ठेविले? खेड्यातील मनुष्यास देशाची आठवण फारशी होत नाही. जमीन पायाखाली असते. परंतु मांडी व कागद दोन्ही मिळूनही देश न मिळाल्यास काय होते, ह्याचे एक उदाहरण आपल्याच मुंबईचे आहे. १९८९ साली तेथील एका अनाथ मुलीला अमेरिकेतील कुटुंबाने नेले. परदेशी लोक त्या काळी आपल्या न्यायालयांतून १८९० च्या त्याच कायद्याखाली पालक नेमले जात, मूल घेऊन जात, आणि दत्तविधान आपल्या देशी करीत. म्हणजे मूल येथून निघताना कायद्याने कोणाचेच नसे. त्या मुलीच्या नागरिकत्वाची कागदपत्रे तिच्या घरच्यांनी पुरी केली नाहीत. अमेरिकेने २००० साली कायदा करून अशा मुलांस आपोआप नागरिकत्व दिले, परंतु २७ फेब्रुवारी २००१ रोजी ज्यांचे वय अठराच्या आत होते त्यांनाच. ती त्यात बसली नाही. पुढे तिच्या हातून गुन्हा घडला व तिला शिक्षा झाली. तिच्यासारख्या शेकडो अमेरिकन तरुणांस अशीच शिक्षा झाली असेल. ते शिक्षा भोगून आपल्या घरी गेले. हिला २००८ साली विमानात बसवून मुंबईस धाडण्यात आले. तिची लेकरे मागे राहिली. आपल्या सरकारने तिला आपली म्हटले, म्हणून कागदोपत्री ती देशहीन ठरली नाही. परंतु ज्या शहरात तिचे कोणी नाही तेथे उभ्या असलेल्या त्या बाईस हा भेद कोणी समजावून सांगावा? गुन्ह्याचे समर्थन मी करीत नाही. मी इतकेच विचारतो की, एका कागदावर सही करण्यास विसरलेल्या मोठ्या माणसांचा दोष कोणी भोगला?

ह्याच्या अगदी उलट प्रकार आपल्या दक्षिणेस, कोल्हापुराजवळ घडला आहे. सोव्हिएत रशियाने १९४० व १९४१ साली पूर्व पोलंडातील असंख्य कुटुंबे सायबेरियासारख्या दूरच्या मुलखांत हाकलली. १९४१ च्या करारानंतर त्यांतील काही सुटून इराणमार्गे बाहेर पडली. शेकडो मुले, पुष्कळशी पोरकी, १९४२ साली नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांच्या आश्रयास बालाचडी येथे आली. आणि १९४३ साली पंचगंगेच्या काठी वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश लोकांची वसाहत उभी राहिली. १९४६ साली बालाचडीची मुलेही तेथेच आणण्यात आली. तोवर युद्ध संपले होते. परंतु ज्या पोलिश सरकारने त्यांचा सांभाळ पत्करला होता त्याची मान्यता ब्रिटन व अमेरिकेने जुलै १९४५ मध्ये काढून घेतली होती, आणि ज्या गावांतून ही मुले आली ती गावेच रशियाच्या हद्दीत गेली होती. मुले होती, देश सरकून गेला होता. नव्या साम्यवादी पोलंडाकडे ती पाठवावी असा आग्रह होऊ लागला. त्या छावणीत वाढलेल्यांनी पुढे सांगितले आहे की, पोरक्या मुलांना जबरीने परत जावे लागू नये म्हणून जामसाहेब, छावणीचे पोलिश धर्मगुरू व एक ब्रिटिश अधिकारी ह्यांनी मिळून त्यांना दत्तक घेतले.

हे कसले दत्तविधान? त्यात मांडी नव्हती. कोणा मुलाचे आडनाव जाडेजा झाले नाही, कोणी गादीवर हक्क सांगितला नाही. तो निव्वळ कागद होता. पण तो कागद आडवा उभा राहिला म्हणून आपल्यास कोठे नेले जाते ह्याचा निर्णय मुलांपासून निदान काही काळ लांब राहिला. १९४८ साली वसाहत मोडली व फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी त्याच जागी आपले गांधीनगर वसविले. वॉर्सॉ शहरात आज जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे. मला ह्या गोष्टीत एक शंका मात्र छळते. त्या मुलांपैकी एखाद्याची आई किंवा मावशी पोलंडात जिवंत असेल व वाट पाहत असेल, तर तिच्या दृष्टीने ही ढाल की भिंत? ज्यांनी सही केली त्यांचा हेतू निर्मळ होता ह्यात संशय नाही. हेतू निर्मळ असला म्हणजे प्रश्न सुटतोच असे मात्र नाही.

आता आपल्या कोपीतील मुलाकडे परत येऊ. त्याचा देश कोणता? आपण म्हणू, हा काय प्रश्न झाला. उसाच्या फडात सापडले, नगर जिल्ह्याचे, भारताचे. कायदा इतके सोपे बोलत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याखाली १ जुलै १९८७ च्या आधी ह्या भूमीवर जन्मणे बहुतेक पुरेसे होते. त्या दिवसापासून आई किंवा बाप भारतीय असणे जरूर झाले. आणि ३ डिसेंबर २००४ पासून एक भारतीय असून दुसरा बेकायदा आलेला नसावा असे ठरले. ज्याचे आईबापच ठाऊक नाहीत, त्याचे आईबाप भारतीय होते हे कोण दाखवील? टाकलेल्या मुलाविषयी त्या कायद्यात वेगळे वाक्य नाही. १९३० च्या हेग करारात, सापडलेले मूल उलट पुरावा मिळेपर्यंत सापडले त्याच भूमीत जन्मले असे धरावे, असा नियम घातला होता. १९६१ च्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय करारात, ते त्याच देशाच्या नागरिकांचे आहे असे धरावे, असे पुढचे पाऊल टाकले आहे. त्या १९६१ च्या करारात भारत सामील झालेला नाही. आजवर आपल्या खेड्यांत ह्यावाचून कोणाचे अडले नसेल. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांना शाळेतील प्रवेशापासून मतदारांच्या यादीपर्यंत जन्माचा दाखला हाच पुरावा झाला आहे, आणि ज्याच्या दाखल्याच्या मुळाशी दत्तकाची रीतसर आज्ञा आहे त्याची वाट, ज्याच्या मुळाशी केवळ शेजाऱ्यांची साक्ष आहे त्याच्यापेक्षा, पुष्कळ निर्धोक आहे. पौलास शताधिपतीने बांधले तेव्हा त्याचे फटके कशाने चुकले हे आठवावे. सरदाराने मोठी रक्कम मोजून नागरिकत्व घेतले होते. पौल त्यातच जन्मला होता. प्रेषितानेही त्या क्षणी आपल्या हक्काचे नाव घेण्यास संकोच केला नाही.

इतके सांगितल्यावर खरी कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. सापडलेले मूल प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेले पाहिजे, असे कायदा सांगतो. १०९८ ह्या क्रमांकावर कळविले तरी साहाय्य मिळते. समिती चौकशी करते, आईबापांचा शोध घेते, आणि मगच ते मूल दत्तक देण्यास मोकळे असल्याचे जाहीर करते. पुढे ज्यांनी नाव नोंदविले आहे त्यांना क्रमाने मूल मिळते. ज्याला सापडले त्याचा पहिला हक्क असे तेथे नाही. म्हणजे ज्या बाईने त्या थरथरत्या जिवाला आपल्या पदरात ऊब दिली, तिच्याच हातून ते जाईल, आणि बहुधा परत येणार नाही. असे सांगणारा मनुष्य निर्दय वाटतो. पुष्कळ उपदेशक म्हणूनच बोलत नाहीत. देवाने दिले, ठेवून घ्या, असे म्हणून मोकळे होतात. मी त्यांना नम्रपणे विचारतो: देवाने ते कोणाला दिले होते? आधी त्याच्या आईला. ती कदाचित पंधरा दिवसांनी, ताप उतरल्यावर, भीती ओसरल्यावर परत येईल. जी आई आपण होऊन मूल समितीच्या स्वाधीन करते तिला फेरविचारासाठी दोन महिने द्यावे असे कायद्याने म्हटले आहे. आपण तिला दोन दिवसही न देता तिचे लेकरू आपले करून टाकतो व त्यास दया म्हणतो. मुलाचे नाव, त्याची जात-जमात, त्याची आई, त्याचा मुलूख, ही त्याची मिळकत आहे. आपण ती लपविली, तर प्रेमाने लपविली म्हणून ती आपली होत नाही.

आपल्यावर तर ह्या बाबतीत एक जुना आरोपही आहे. दुष्काळात मिशनने मुले गोळा केली ती कळप वाढविण्यासाठी, असे शेजारी म्हणत आले. त्या दिवसांत ती मुले उचलली नसती तर रस्त्यात मेली असती, हे उत्तर खरे आहे व मी ते देतो. परंतु आज ते उत्तर चालणार नाही, कारण आज समिती आहे, कायदा आहे, नगर शहरात स्नेहालयाच्या स्नेहांकुरासारखे दत्तक केंद्र आहे. आज जो लपवून ठेवील तो उपाशी मुलाला वाचवीत नसून कायद्याला चुकवीत आहे. आणि रीत सोडून मूल देणाऱ्या-घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व लाखापर्यंत दंड होऊ शकतो हेही त्याने जाणावे. शलमोनापुढे आलेल्या दोन बायकांतील खरी आई कोणती हे कशावरून कळले? जिने मूल सोडण्याची तयारी दाखविली तिच्यावरून. ते मूल जन्माने तिचेच होते हे खरे; पण मांडीवर घेतलेल्या आईलाही तीच परीक्षा लागू पडणार नाही असे कोठे आहे?

ज्यांना मूल हवे आहे त्यांनी आधीच नाव नोंदवावे. वाट लांब आहे, वर्षे जातात. भावाचे किंवा बहिणीचे मूल घ्यावयाचे असेल तर त्याचीही वेगळी रीत ह्याच कायद्यात आहे, घरच्या घरी तोंडी ठरवून थांबू नये. ज्या घरी पाळलेला मुलगा ह्याआधीच मोठा झाला आहे, त्या घरच्या म्हाताऱ्यांनी हा अंक बाजूला ठेवून आधी मृत्युपत्र करावे. ते काम उद्यावर टाकणारे किती जण उद्या नव्हते, हे पाळकांच्या दफनाच्या पुस्तकात लिहिलेले आहे.

राहता राहिले बाप्तिस्म्याचे पुस्तक. त्यात आईबापांच्या नावाचा रकाना असतो, आणि अशा मुलाच्या वेळी तेथे काय लिहावे हे उपदेशकास कळत नाही. सांभाळणाऱ्यांची नावे लिहून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. दत्तकाची आज्ञा हाती येईपर्यंत तो रकाना मोकळा ठेवावा, व बाजूच्या जागेत मूल कोणत्या दिवशी, कोणत्या शिवारात, कोणास सापडले हे स्पष्ट लिहावे. अंगावर कोणते फडके होते, गळ्यात काळा दोरा होता की नव्हता, हेही लिहावे. आई आलीच, तर ती पहिल्याने त्याच फडक्याविषयी विचारील.